कासारीण, माळीण, तांबोळीण

यंदाच्या अंकाचा विषय ‘बाजार’ आहे असं संपादकांनी कळवलं, तेव्हा मला आधी आठवली ती एक यादी. ४०० वर्षांहून जुनी, व्रजभाषेतली आणि निव्वळ बायकांची. दाई, दासी, न्हावीण, नटी, शेजारीण, माळीण, तांबोळीण, कासारीण, सोनारीण, पटवेकरीण आणि अशाच आणखी काही. राधेचा निरोप कृष्णाला आणि कृष्णाचा राधेला कोण पोचवू शकतं, त्याची ही नोंद. ती करणारा कवी केशवदास ओरछाचा. ग्रंथाचं नाव ‘रसिकप्रिया’, साल १५९१. भारतातल्या लघुचित्रकारांनी ज्या पोथ्यांची चित्रं पुन्हा पुन्हा काढली, त्यांत या ग्रंथाचं नाव फार वर आहे. उदयपूर, बुंदी, बिकानेर, पहाडी संस्थानं अशी सगळीकडे ‘रसिकप्रिया’ रंगवली गेली.

झाशी ते ओरछा अंतर १६-१८ किलोमीटर. रिक्षासुद्धा जाते. देवाच्या प्रेमाची सगळी ने-आण ज्या कवीनं बाजारातल्या बायकांच्या हाती दिली, त्याच्या मुलखातला बाजार बघावा म्हणून झाशी गाठली आणि मुक्काम टाकला सदर बाजारात.

छावणीचा बाजार

सदर बाजार आपल्याला नवा नाही. साताऱ्याला आहे, जालन्याला आहे. जिथे गोऱ्यांची छावणी पडली, तिथे तिच्या पोटापाण्यासाठी असा बाजार वसला. झाशीत त्याला आणखी एक कारण घडलं. १८५८ मध्ये शहर पडलं, १८६१ मध्ये ते शिंद्यांच्या ताब्यात दिलं गेलं, आणि इंग्रजांनी आपलं बस्तान तटाबाहेर ठेवलं. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत करून त्यांनी झाशी पुन्हा घेतली. मधली २५ वर्षं एका गावाची दोन गावं झाली होती. तटाच्या आत मानिक चौक, बडा बाजार, लक्ष्मी दरवाजा. बाहेर सरळ रस्ते, झाडी, बंगले आणि सदर बाजार. आजही आतली झाशी वळणावळणाची आहे आणि बाहेरची काटकोनातली.

संध्याकाळी सदर बाजार भरतो. सुटीवर निघालेले जवान, लग्नाची खरेदी करणाऱ्या मायलेकी, चाटच्या गाड्यांभोवती कॉलेजची मुलं. केशवदासांची यादी मनात धरून चाललं की एकेक दुकान तिच्यात जाऊन बसतं. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्यांची दुकानं आहेत, तिथे कासारीण. पानाच्या टपरीवर महोब्याचं पान मिळतं. महोबा बुंदेलखंडातलंच, त्याच्या देशावरी पानाची ख्याती जुनी, ही तांबोळीण. गजरे आणि झेंडूच्या माळा, ही माळीण. सोनाराच्या पेढ्या तर आहेतच.

मात्र पेढीवर, गादीवर, टपरीत बहुतेक पुरुष बसलेले. बायका दिसतात त्या जमिनीवर फुलं मांडून बसलेल्या, नाहीतर बांगड्यांच्या दुकानात आतल्या बाजूला. तिथे थांबून बघत राहिले. बांगड्या भरणारीनं गिऱ्हाइकाचा हात आपल्या हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड चाचपलं, पंजा मुडपला आणि बोलत बोलत एकेक बांगडी चढवली. पंधरा-वीस मिनिटं परक्या बाईचा हात तिच्या हातात होता. सासर कुठलं, माहेर कुठलं, मोठी जाऊ कशी आहे, सगळं त्यात येऊन गेलं. नवरा दुकानाबाहेर स्कूटरवर बसून होता. त्याला यातलं काही ऐकू जात नव्हतं.

केशवदासांची यादी इथे कळायला लागते.

कुणाला आत जाता येतं

यादीतल्या बायकांना, म्हणजे केशवदासांच्या सख्यांना, एका सुतात ओवणारी गोष्ट म्हणजे त्यांना घरात आत जाता येतं. ज्या काळात वरच्या घरांतल्या सुना-लेकी उंबऱ्याबाहेर पडत नव्हत्या, त्या काळात बाहेरचं जग आत आणण्याचा परवाना या कामकरी बायकांकडे होता. न्हावीण पाय धुऊन महावर (आळता) लावते, म्हणजे पायाशी बसते. खालच्या आवाजात बोलणं तिला सोपं. माळीण रोज सकाळी येते, त्यामुळे तिच्या येण्याचं कुणाला काही वाटत नाही. सोनारीण माप घ्यायला येते, मग दागिना दाखवायला, मग दुरुस्तीला. तिला यायला निमित्त कमी नाही. पटवेकरणीला हार तुटला की बोलावतात, आणि प्रेमात पडलेल्या बाईचा हार तुटायला फार वेळ लागत नाही. तांबोळणीच्या विड्यात काय घडी करून ठेवलंय, ते दारावरचा पहारेकरी उलगडून बघत नाही.

केशवदास यादी देऊन थांबत नाहीत. यातल्या एकेकीच्या तोंडी ते वेगळं बोलणं घालतात. कुणी राधेची समजूत काढते, कुणी कृष्णाला टोचून बोलते, कुणी दोघांनाही आपल्या अनुभवाचे चार शब्द सुनावते. ग्रंथाचे सोळा भाग आहेत, त्यांना कवी ‘प्रभाव’ म्हणतो. नायक-नायिकांचे प्रकार, भेटीची ठिकाणं, रुसवा, विरह असं सगळं शास्त्राच्या शिस्तीत लावलेलं आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात हे विषय होतेच. केशवदासांनी त्या चौकटीत नायक म्हणून कृष्णाला आणि नायिका म्हणून राधेला बसवलं, आणि शास्त्राचा ग्रंथ भक्तीच्या दारात आणून उभा केला.

त्यांची आणखी एक विभागणी चित्रकारांच्या फार कामी आली. प्रेमाची प्रत्येक अवस्था ते दोन तऱ्हांनी सांगतात, ‘प्रच्छन्न’ आणि ‘प्रकाश’. प्रकाश म्हणजे चारचौघांना कळलेलं. आणि प्रच्छन्न? ते फक्त प्रियकराला, प्रियेला आणि त्यांच्यासारखीच झालेल्या सखीला ठाऊक असतं. म्हणजे लपलेल्या प्रेमालाही एक साक्षीदार आहेच. केशवदासांच्या हिशेबात दोघांचं गुपित तिघांचं असतं.

राजा कृष्णाचा, राणी रामाची

ओरछात गेलं की आधी रामराजा मंदिर लागतं. इथे राम देव म्हणून नव्हे, राजा म्हणून बसला आहे. त्याला पोलिसांची सलामी दिली जाते. कथा अशी सांगतात की राजा मधुकरशाह कृष्णभक्त आणि राणी गणेशकुँवरी रामभक्त. त्यावरून घरात वाद पेटला. राणी अयोध्येला जाऊन रामाला घेऊन आली, पण रामानं अटी घातल्या: पुष्य नक्षत्रातच चालेन, आणि जिथे बसेन तिथून उठणार नाही. त्याच्यासाठी चतुर्भुज मंदिराचं शिखर चढत होतं. ते पुरं होईपर्यंत मूर्ती राणीच्या महालात ठेवली आणि ती तिथेच राहिली. राणीचा महाल हेच देऊळ झालं.

मधुकरशाहांची कृष्णभक्ती मात्र कथेपुरती नव्हती. ओरछाचे हरिराम व्यास हे त्यांचे गुरू. पुढे ते वृंदावनात स्थायिक झाले. हित हरिवंश, स्वामी हरिदास आणि हरिराम व्यास या तिघांना वृंदावनच्या रसिक परंपरेत ‘हरित्रयी’ म्हणतात. या परंपरेचा कणा सखीभाव आहे. भक्तानं राधा व्हायचं नाही, कृष्ण व्हायचं तर नाहीच नाही. त्यानं राधेची सखी व्हायचं, दोघांच्या भेटीची तयारी करायची, शेज मांडायची, विडा द्यायचा, पंखा घालायचा आणि दोघांचं सुख डोळे भरून बघायचं. भक्तीचं फळ भोगण्यात नाही, बघण्यात आहे. गौडीय वैष्णवांनीही, रूप गोस्वामींपासून पुढे, हाच धागा आणखी बारीक कातला.

‘रसिकप्रिया’ ज्या दरबारात लिहिली गेली, तिथे हा भाव घरचा होता. केशवदास हे मधुकरशाहांचा मुलगा इंद्रजीत याच्या आश्रयाला होते आणि त्याच्याच सांगण्यावरून त्यांनी हा ग्रंथ रचला. स्वतः कवी फारसा विरक्त नव्हता. पांढऱ्या केसांमुळे तरुण मुली आपल्याला ‘बाबा’ म्हणतात, अशी त्यांची तक्रार हिंदी मुलखात अजून हसत सांगितली जाते. इंद्रजीतच्या दरबारातली गायिका रायप्रवीण त्यांची शिष्या. ‘कविप्रिया’ हा १६०१ चा ग्रंथ त्यांनी तिला काव्यशास्त्र शिकवायला लिहिला. अकबरानं तिला बोलावून घेतलं आणि उष्ट्या पत्रावळीचा दाखला देऊन तिनं आपली सुटका करून घेतली, ही दंतकथा ओरछाचा प्रत्येक वाटाड्या सांगतो. केशवदासांच्या यादीत रामजनी, म्हणजे नाचगाण्यावर जगणारी बाई, हीसुद्धा सखी आहे. रायप्रवीण ज्या कवीची शिष्या, त्यानं ही जागा नुसती शास्त्र म्हणून भरली असेल असं वाटत नाही.

राजमहालात वरच्या दालनांच्या भिंती आणि छतं रंगवलेली आहेत. विष्णूचे अवतार, रामकथा, कृष्णलीला, शिकार, पैलवान, हत्ती. उन्हातून आत गेल्यावर काही वेळ काहीच दिसत नाही. मग आधी लाल रंग दिसतो, मग काळ्या रेषा. माणसं एका बाजूनं काढलेली, डोळा मोठा, नाक टोकदार, पाय चालीत. गावाच्या पश्चिमेला टेकडीवर लक्ष्मीनारायण मंदिर आहे. राजा वीरसिंहदेवानं १६२२ मध्ये ते बांधलं आणि १७९३ मध्ये पृथ्वीसिंहानं त्याचा जीर्णोद्धार केला. तिथल्या भिंतींवर रामायण आणि कृष्णलीलेच्या शेजारीच बंदुका घेतलेले गोरे शिपाईसुद्धा आहेत, १८५७ नंतर रंगवलेले. कृष्णाची मुरली आणि इंग्रजांची कवायत यांच्यामध्ये एका वेलबुट्टीची किनार, एवढंच अंतर.

वसली, घोटा आणि खारीचे केस

भिंतीवरचं चित्र लांबून बघायचं असतं, लघुचित्र हातात घेऊन. म्हणून त्याची घडणच वेगळी. हातकागदाचे पातळ ताव खळीनं एकावर एक चिकटवून जाड पान करतात, त्याला वसली म्हणतात. पान वाळलं की गुळगुळीत अकीक दगडानं घोटायचं, पाठीमागूनसुद्धा. घोटल्यानं रंग कागदात जिरत नाही, वर बसतो आणि चमकतो. मग गेरूनं किंवा काजळीनं पुसट आराखडा, त्यावर पांढऱ्याचा पातळ हात, त्यातून झिरपणारी रेघ पुन्हा पक्की, आणि मग रंग.

रंग बाजारातूनच यायचे. हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, दिव्याच्या काजळीचा काळा, गेरू, सफेदा. सगळे डिंकात खललेले. सोन्याचा वर्खही खलून रंगासारखा लावतात आणि वरून घोटतात. खारीच्या शेपटीचे केस बांधून कुंचला करायचा, कारण ते केस टोकाकडे आपोआप निमुळते होतात. पापणी, कानातला मोती आणि ओढणीची पारदर्शक कड हे शेवटी.

बुंदेलखंड आणि माळव्याच्या सतराव्या शतकातल्या चित्रांत हा नाजूकपणा जरा आवरता घेतलेला असतो. तिथला चित्रकार सपाट रंगावर विश्वास ठेवतो. मागे एकच गर्द लाल, किंवा काळा, किंवा निळा. रात्र दाखवायची तर काळा रंग, बस्स. वर आकाशाची पट्टी, तिच्यावर पांढरी नागमोडी रेघ. खाली काळ्या पट्टीत पांढरी वेलबुट्टी. बायकांच्या मनगटांना आणि दंडांना मोठे काळे गोंडे. इमारत म्हणजे उभा छेद दिलेली खोली: एक कळस, एक दार, एक पलंग. वर पिवळ्या पट्टीत व्रजभाषेतली कविता. काही सामान जास्तीचं नाही, त्यामुळे प्रत्येक हाताची खूण दिसते.

ही चित्रं नेमकी कुणाची, यावर विद्वानांत बराच वाद झाला. १६३४ ची ‘रसिकप्रिया’ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. १६५२ मध्ये नसरतगढला रंगवलेलं ‘अमरुशतक’ हे संस्कृत प्रेमकाव्य आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात आहे. दीर्घकाळ या सगळ्याला ‘माळवा शैली’ म्हटलं गेलं. जर्मन मुत्सद्दी आणि संग्राहक कॉनराड साइट्झ यांनी ही चित्रं ओरछा, दतिया आणि पन्ना या बुंदेल्यांच्या दरबारांची असल्याचं जोरात मांडलं. ओरछाच्या आणि झाशीपासून सुमारे ३० किलोमीटरवरच्या दतियाच्या महालातल्या भिंती बघून आलेल्याला ते पटायला वेळ लागत नाही; नाकाची ती टोकदार रेघ आणि लालाचा तो भरणा तिथे डोळ्यांत भरतो.

राधा-कृष्णाची चित्रं काढणारे सगळे हिंदू होते असंही नाही. मेवाडात १६२८ ची रागमाला आणि १६२९ चा ‘गीतगोविंद’ रंगवणारा साहिबदीन मुसलमान. ‘रसिकप्रिया’ही त्यानं रंगवली. बिकानेरात तेच काम उस्ताद रुक्नुद्दीनकडे गेलं. सखीभाव रंगवायला जात लागली नाही, हात लागला.

चित्र कुठून वाचायचं

असं पान समोर आलं की आपली नजर सवयीनं निळ्या देहाकडे जाते. मग राधेकडे. तिसरीकडे गेलीच तर शेवटी. मी उलट सुरुवात करून पाहिली आणि चित्रं बोलायला लागली.

‘रसिकप्रिये’च्या अनेक पानांत राधा आणि कृष्ण एकमेकांना दिसतही नाहीत. राधा एका खोलीत, कृष्ण दुसऱ्या खोलीत किंवा झाडाखाली. मध्ये भिंत, किंवा नुसता रंगाचा बदल. दोघांमध्ये जे काही चाललंय ते सखीच्या अंगातून जातं. तिचे पाय एकीकडे वळलेले आणि मान दुसरीकडे, म्हणजे ती निघालीय पण अजून ऐकतेय. एक बोट हनुवटीवर असलं तर ती चकित आहे. तळवा उघडा पुढे केलेला असेल तर ती समजूत काढतेय. कधी एकच सखी एकाच पानात दोनदा दिसते, इथे निरोप घेताना आणि तिथे देताना. चित्रातला काळ तिच्या चालण्यानं पुढे सरकतो. नायक-नायिका आपापल्या जागी बसलेलेच असतात.

राधा रुसून पाठ फिरवते तेव्हा कृष्णाचं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नाही, सखीचं पोचतं. भेट झाली की सखी दाराशी सरकते, पण चित्राबाहेर जात नाही. रिकामा पलंग, न विझलेला दिवा, न खाल्लेला विडा; हे सगळं कुणीतरी मांडलेलं आहे आणि जिनं मांडलं ती कडेला उभी आहे. ‘अमरुशतका’तली जोडपी माणसांची, ‘रसिकप्रिये’तलं जोडपं देवाचं. नावं बदलली तरी सखीचं काम तेच.

मग ही चित्रं शृंगाराची की भक्तीची, या जुन्या भांडणाला वेगळं वळण मिळतं. आनंद कुमारस्वामींनी १९१६ च्या ‘राजपूत पेंटिंग’ या ग्रंथात राधेला जीव आणि कृष्णाला परमात्मा मानून ती वाचली. ते वाचन चुकीचं नाही, पण त्यात तिसरीला जागा उरत नाही. मला वाटतं, भक्ताचं आसन तिसरीकडेच आहे. राधेला प्रेम करायचं असतं, कृष्णाला करून घ्यायचं असतं; भक्ती करते ती सखी. तिला या व्यवहारातून स्वतःसाठी काही नको आणि तरी तिच्यावाचून व्यवहार होत नाही. पोथी मांडीवर घेऊन पान उलटणारा राजा नजरेनं तिच्याच ठिकाणी उभा राहतो. त्यानं ‘आपण कृष्ण’ असं मानलं तर तो शृंगार, ‘आपण सखी’ असं मानलं तर ती उपासना. चित्र दोघांना सारखंच.

झाशीतले मराठी डोळे

तटाच्या आतल्या झाशीत नेवाळकरांच्या खुणा आहेत. छत्रसालांनी बाजीरावांना दिलेल्या मुलखातून मराठे इथे आले. १७४२ मध्ये नारोशंकर सुभेदार झाले, त्यांनी किल्ला वाढवला आणि शहर वसवलं. पुढे कोकणातले नेवाळकर आले. रघुनाथराव हरी नेवाळकरांनी महालक्ष्मीचं देऊळ बांधलं. राणी महालाच्या दरबार दालनात भिंतींवर आणि छतावर फुलं, वेली आणि मोर आहेत. लाल, निळा, हिरवा; हात बुंदेलखंडी आणि घर मराठी. त्या दालनात आता मध्ययुगीन शिल्पं ठेवली आहेत, त्यामुळे बघणाऱ्याची नजर खालीच राहते. मान वर केली की चितेऱ्यांचं काम दिसतं.

या झाशीचं मराठीतलं सगळ्यांत जिवंत चित्र शब्दांतलं आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५८ च्या वेढ्यात इथे अडकले. ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये छापून आला. त्यात हलवाईपुऱ्याची आग आहे आणि झाशीचे राजे गंगाधरराव यांच्या पदरच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण आहे. पोथ्या रंगवणाऱ्या, जपणाऱ्या दरबाराचा शेवट कसा होतो, हे त्या पानांइतकं कुठे वाचायला मिळत नाही.

आपल्याकडे विठ्ठलाशेजारी राधा नाही; रखुमाई आहे, आणि तीही वेगळ्या गाभाऱ्यात. म्हणून मधुर भक्ती मराठीला परकी आहे असं कुणी म्हणतं, ते खरं नाही. ज्ञानदेवांच्या विराण्या आहेत, एकनाथांच्या आणि तुकोबांच्या गवळणी आहेत. पण सखी शोधायची तर मी तमाशाच्या फडात जाईन. गणानंतर गवळण सुरू होते, गौळणी मथुरेच्या बाजाराला दही-दूध घेऊन निघतात, आणि त्यांच्या पुढे चालते ती मावशी. लुगडं नेसलेला पुरुष, कमरेवर हात, जिभेला धार. कृष्ण वाट अडवतो तेव्हा राधा बोलत नाही, मावशी बोलते. देवाला ‘अरे’ म्हणते, त्याची खोडी काढते, सौदा करते आणि शेवटी नमस्कारही तीच करते. केशवदासांच्या न्हाविणीला आणि कासारणीला ती थोरली जाऊ शोभेल. गवळण घडते तीही बाजाराच्या वाटेवर.

व्रजाकडे तर कृष्ण स्वतःच मनिहारीण होऊन बांगड्या भरायला राधेच्या दारी जातो, असं लोकगीतांत आणि लीलांत येतं. देवालाही हात धरायचा तर आधी कासारणीचा वेश घ्यावा लागतो.

चौकटीत दोघंच

सदर बाजारात परत आल्यावर तसबिरींना चौकटी करून देणाऱ्या दुकानात बराच वेळ काढला. भिंतीवर साईबाबा, दुर्गा, घोड्यावरची राणी, हनुमान आणि राधा-कृष्णाच्या अनेक तसबिरी. झोपाळ्यावरचे, कदंबाखालचे, एकाच मुरलीवर दोघांची बोटं असलेले. नव्या जोडप्याला भेट द्यायला याच तसबिरी जातात, असं दुकानदारानं सांगितलं. मोर आहेत, गायी आहेत, पूर्ण चंद्र आहे. सखी मात्र एकाही चौकटीत नाही. तिच्याबद्दल विचारलं तेव्हा तो जरा गोंधळला आणि गोपींचा रास असलेली एक तसबीर शोधून आणली. तिच्यात बायका पुष्कळ होत्या, पण निरोप नेणारी त्यांत एकही नव्हती. सगळ्या नाचत होत्या.

सखी चित्रातून कधी बाहेर पडली, त्याची वाट काही अंशी महाराष्ट्रातून जाते. १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं चित्रशाळा निघाली आणि देवादिकांची शिळाछापाची रंगीत चित्रं घरोघर गेली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना गिरगावात सुरू झाला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. नंतरच्या पिढीत नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांनी काढलेले कृष्ण ब्रिजबासी या प्रकाशकांनी छापले. त्यांचा धंदा कराचीत चौकटी बसवण्याच्या दुकानापासून वाढला होता. छापील तसबीर भिंतीवर लागली, देवघरात गेली, तिच्यापुढे उदबत्ती आली. पूजेच्या देवाला समोर बघावं लागतं. लघुचित्रातले राधा-कृष्ण बाजूनं काढलेले, एकमेकांत रमलेले; त्यांना आपलं भान नसायचं. तसबिरीतले आपल्याकडे वळले. भक्ताला थेट दर्शन मिळालं आणि मध्यस्थीण बिनकामाची झाली. पोथीचं पान एका वेळी एका राजाच्या मांडीवर असायचं. तसबीर काही आण्यांत गवळ्याच्याही घरात गेली. हा सौदा वाईट नव्हता. पण त्याची किंमत जिनं मोजली ती तिसरी बाई.

ती पार गेली असंही नाही. झाशीकडे लग्नघराच्या दाराशी भिंतीवर चित्रं काढायची रीत आहे, तिला चितेरी म्हणतात. गणपती, हत्ती, घोडे, पालखी, केळीचे खांब. चितेरा भिंत रंगवतो तेव्हा आत नाइन, म्हणजे न्हावीण, नवरीच्या पायांना महावर लावत असते आणि तिचा नेग, म्हणजे मानाची बिदागी, ठरलेला असतो. पत्रिका मोबाइलवर गेल्या, मंगल कार्यालयं वातानुकूलित झाली, तरी कितीतरी घरांत नाइनला बोलावणं जातं आणि बांगड्या भरायला कासारीण लागतेच. शास्त्रात एक ओळ मिळालेल्या या बायका व्यवहारात आपल्या जागेवर आहेत.

केशवदासांनी देवाच्या प्रेमाचं हे काम पुजाऱ्याला, पंडिताला किंवा राजाला दिलं नाही. त्यांच्या यादीतल्या बहुतेक जणी काम करून पोट भरणाऱ्या आहेत. दारोदार जातात, माप घेतात, भाव करतात आणि गुपित ठेवतात. त्यांच्यावर भरवसा ठेवल्याशिवाय तिथे कृष्णालाही राधा भेटत नाही. देवाला असं माणसांवर, आणि तेही बाजारातल्या बायकांवर, अवलंबून ठेवण्याचं धाडस भक्तीच्या मोठ्या ग्रंथांतही रोज दिसत नाही. मुंबईच्या संग्रहालयात ‘अमरुशतका’चं एखादं पान मांडलेलं दिसलं, तर दोघांना जरा थांबायला सांगा. आधी कडेच्या बाईचे पाय कुठे वळलेत ते बघा. चित्र तिथून सुरू होतं.